पंपाखालचं भोक

मागच्या भागात आपण कार्ब्युरेटरबद्दल बोललो होतो आणि पुढचा भाग डिस्क ब्रेकवर करू, असं मी कबूल केलं होतं. तो करू, पण आज नाही. गेल्या महिन्यात आमच्या पार्किंगमध्ये माझ्या बाइकखाली एक हिरवा थेंब दिसला आणि त्या थेंबामागे जाता जाता मी १८९४ सालापर्यंत पोचलो. आणि तिथून परत मावशीच्या घरी. ते सगळं आज सांगतो.

आधी घरची गोष्ट. माझ्याकडे एक स्पोर्ट बाइक आहे, सेकंडहँड घेतलेली, पूर्ण फेअरिंगवाली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण यात कंपनीची काही चूक नाही. मागच्या ऑक्टोबरात माझा मावसभाऊ ती घेऊन ताम्हिणीला गेला होता. वय बावीस. पाऊस संपलेला, रस्ता कोरडा. एका डाव्या वळणावर मागचं चाक निसटलं आणि हा गाडीसकट घसरत कठड्याच्या अलीकडे जाऊन थांबला. कॉलरबोन मोडलं. समोरून काही येत नव्हतं, हे नशीब.

दवाखान्यात तो एकच वाक्य म्हणत होता, "दादा, मी जोरात नव्हतो. टायर सटकलं." कुणाचाच विश्वास बसला नाही. बावीस वर्षांचा मुलगा, स्पोर्ट बाइक, घाट! मावशी तर माझ्याशी दोन महिने धड बोलली नाही, कारण किल्ली मी दिली होती. आणि खरं सांगू? मलाही वाटत होतं की पोरगा थापा मारतोय.

आता हे बाजूला ठेवू आणि मागे जाऊ.

मोटरसायकल आणि पाणी यांचं नातं मोटरसायकलइतकंच जुनं आहे. आपल्याला वाटतं, आधी हवेवर थंड होणाऱ्या गाड्या आल्या आणि मग प्रगती होऊन पाण्यावरच्या आल्या. तसं नाहीये. म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी १८९४ मध्ये जी गाडी विकायला काढली, ती मालिकेने बनवलेली पहिली मोटरसायकल मानली जाते. तिचं इंजिन जवळजवळ दीड लिटरचं होतं आणि ते पाण्यावर थंड व्हायचं. पाण्याची टाकी कुठे? तर मागच्या चाकावरचा मडगार्ड आतून पोकळ होता, त्यात! म्हणजे मागच्या चाकाच्या बरोब्बर वर पाणी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्यानंतर बहुतेकांनी पाण्याचा नाद सोडला, आणि का सोडला ते कळतंही. सिलिंडरवर पंखे, म्हणजे ते पातळ पातळ फिन्स, ओतले की काम झालं. हवा फुकट आहे, आणि हवा गळत नाही.

पण इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला आल्फ्रेड अँगस स्कॉट नावाचा एक माणूस होता. त्याने १९०८ मध्ये टूस्ट्रोक, दोन सिलिंडरची गाडी काढली. सुरुवातीला तिचं फक्त हेड पाण्यावर थंड व्हायचं, सिलिंडर हवेवर. १९१४ च्या सुमाराला सगळंच पाण्यावर गेलं. १९१२ आणि १९१३, लागोपाठ दोन वर्षं स्कॉट गाड्यांनी आइल ऑफ मॅनची सीनिअर टीटी जिंकली. १९१२ चा तो टूस्ट्रोकचा तिथला पहिला विजय. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: स्कॉटच्या गाडीला पाण्याचा पंप नव्हता. तापलेलं पाणी हलकं होतं आणि वर चढतं, रेडिएटरमध्ये गार होतं, जड होतं आणि खाली उतरतं. आपल्या न्हाणीघरातल्या बंबात जे घडायचं तेच. याला थर्मोसायफन म्हणतात. फिरणारा एकही भाग नाही. त्यामुळे पाणी गळायच्या जागा मोजक्या: रेडिएटर, रबरी नळी, गॅस्केट. आणि फेअरिंग वगैरे भानगड नसल्यामुळे सगळं उघड्यावर. गळालं की दिसलं.

आता थोडं भौतिकशास्त्र, घाबरू नका. सारख्या घनफळाचं पाणी आणि हवा घेतली, तर एक अंश तापताना पाणी हवेच्या तीन हजार पटींहून जास्त उष्णता पोटात घेतं. म्हणून इंजिनातून जास्त ताकद काढायची असेल तर शेवटी पाण्याकडेच यावं लागतं. दुसरं कारण असं की पाण्यामुळे सिलिंडर सगळीकडून साधारण सारखाच तापतो, वेडावाकडा फुगत नाही, त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली जागा कमी ठेवता येते. तिसरं, पाण्याच्या जाकिटामुळे इंजिनाचा आवाज दबतो. पुढे आवाजाचे आणि धुराचे नियम कडक झाले तेव्हा ही दोन कारणं पहिल्याइतकीच वजनदार ठरली.

अडचण पाण्याचीच. ते शंभर अंशाला उकळतं. पुण्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर बसल्यामुळे अठ्ठ्याण्णवलाच. आणि थंड देशात गोठतं, गोठलं की फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडतं. त्यावर उपाय म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. हे रसायन फ्रान्सच्या शार्ल-अडोल्फ वुर्त्झने एकोणिसाव्या शतकातच बनवलं होतं, पण इंजिनात ते आलं १९२० च्या दशकात. विमानवाल्यांनी ते मनापासून उचललं, कारण शुद्ध ग्लायकॉल १९७ अंशाला उकळतं, म्हणजे रेडिएटर छोटा ठेवता येतो. स्पिटफायरमधल्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांत तर शुद्ध ग्लायकॉलच असायचं. नंतर पाणी जास्त आणि ग्लायकॉल कमी असं मिश्रण आलं.

गळतीच्या निदानाचा इतिहास लिहायचा तर पहिलं प्रकरण मी इथे लिहीन. रेडिएटरला एक गोळी लागली की विमानाच्या मागे पांढरी शेपटी उमटायची. शत्रूला कळायचं, सोबतच्या वैमानिकाला कळायचं. ज्याच्या विमानाला लागली त्याच्या हातात थोडीच मिनिटं उरायची. तेवढ्यात उतरायचं, नाहीतर पॅराशूट. हवेवर थंड होणाऱ्या विमानांना ही भीती नव्हती. पाणी ताकद देतं आणि एका छिद्रातून सगळी परत घेतं, हा सौदा तेव्हाच ठरलेला होता.

मोटरसायकलवर पाणी पुन्हा मोठ्या प्रमाणावर आणलं जपान्यांनी. १९७१ ची सुझुकी जीटी ७५०, तीन सिलिंडरची टूस्ट्रोक. इंग्रज तिला 'किटली' म्हणायचे आणि अमेरिकन 'पाणम्हैस'. आपल्याकडे आली असती तर नुसती 'म्हैस' झाली असती याबद्दल मला शंका नाही. १९७५ ला होंडाची गोल्ड विंग. १९८० ला यामाहाची आरडी ३५० एलसी. ही एलसी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे ज्या राजदूत ३५० च्या आठवणी काढून अजून लोक डोळे पुसतात, ती १९८३ मध्ये आली तेव्हा हवेवर थंड होणारी जुनी आरडी होती. म्हणजे तिकडे पाणी येऊन तीन वर्षं झाली होती, आणि आपण नवीन गाडी म्हणून फिन्सवाली घेत होतो. तक्रार नाही. त्या फिन्सचा आवाज मला अजून आवडतो.

मग १९८४, कावासाकी जीपीझेड ९०० आर. 'निंजा' नाव मिळालेली पहिली. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, पाण्यावर थंड, आणि सगळं फेअरिंगच्या आत. आजची स्पोर्ट बाइक जशी दिसते तिचा साचा इथे तयार झाला असं माझं मत आहे. सुझुकीने लगेच दुसऱ्या वर्षी जीएसएक्स-आर ७५० काढली आणि हट्टाने पाण्याऐवजी तेलावर थंड केली, वजन वाचवायला. हट्ट १९९२ पर्यंत टिकला. त्या वर्षी तीही पाण्यावर आली. भारतात सामान्य माणसाच्या आवाक्यात हा प्रकार खऱ्या अर्थाने आला २००८ मध्ये, यामाहाच्या आर१५ बरोबर. मग २०१२ पासून चाकणलाच बनलेल्या केटीएम ड्यूक इथे विकायला आल्या, आणि हडपसरपासून कोथरूडपर्यंतच्या गल्लीतल्या मिस्त्रींना कूलंट नावाची भानगड शिकणं भाग पडलं.

फेअरिंग आली आणि एक गोष्ट गेली, जिच्याबद्दल इतिहासात कुणी फारसं लिहीत नाही: गळती दिसेनाशी झाली. स्कॉटवाल्याला थेंब दिसायचा. आपल्याला दिसतं प्लास्टिक. पाणी आतल्या आत पाइपावरून, फ्रेमवरून वाहतं, इंजिनाच्या गरम अंगावर वाळून जातं, आणि जमिनीपर्यंत पोचतच नाही. पोचलं तरी गळतीच्या जागेपासून हातभर लांब.

शिवाय आता सगळी व्यवस्था दाबाखाली असते. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते आणि साधारण १.१ बारपर्यंत ती दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी एकशेवीसच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही ते यासाठीच. उघडलंत तर आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. जास्तीचं पाणी तापल्यावर छोट्या रिझर्व्ह टाकीत जातं आणि गार झाल्यावर परत ओढलं जातं. त्या टाकीवर दोन रेघा असतात. माझी टाकी उन्हाळ्यापासून खालच्या रेघेच्याही खाली जायला लागली होती.

इथे माझा कबुलीजबाब. मी सर्व्हिस सेंटरला विचारलं. (कुठलं ते सांगणार नाही.) ते म्हणाले, "गर्मीत उडतं सर, नॉर्मल आहे." बंद व्यवस्थेतून पाणी उडून जाईल कुठे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. इतिहासावर पॉडकास्ट करतो मी! पण नाही पडला. मी दर पंधरा दिवसांनी टाकीत पाणी ओतत राहिलो, आणि तेही सोसायटीच्या बोअरचं. अपघाताआधी दोन महिने हे चाललं होतं.

अपघातानंतर गाडीची डावी फेअरिंग बदलली, पुसूनपासून चकचकीत झाली, आणि झाकून ठेवली. मावशीच्या भीतीने कुणी हातच लावला नाही. गेल्या महिन्यात सहज सुरू केली, अर्धा तास फिरवून आणली, आणि दुसऱ्या दिवशी खाली थेंब. हिरवा, चिकट, जरा गोडसर वासाचा. (एक सूचना: हा थेंब चाखायचा नाही, आणि धुवून टाकायचा. ग्लायकॉल विषारी असतं, आणि पार्किंगमधली कुत्री-मांजरं चवीने चाटतात.)

एका गॅरेजने गार इंजिनावर प्रेशर टेस्टर लावला. हा हातपंप असतो, झाकणाच्या जागी बसवायचा, दाब भरायचा आणि काटा खाली येतो का बघायचं. काटा हलला नाही. मग ते म्हणाले, हेड गॅस्केट असेल, इंजिन उघडू. आकडा ऐकून मी गाडी परत आणली.

मग एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आरडीच्या काळापासूनचे. त्यांनी टेस्टरला हातच लावला नाही. पहिल्यांदा मला प्रश्न विचारले. ऑइल दुधाळ झालंय का? नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर, गाडी तापल्यावरही? नाही. टाकीत बुडबुडे? तेही नाही. "मग हेड कशाला उघडायचं?" हेड गॅस्केट जाते तेव्हा पाणी सिलिंडरमध्ये जातं किंवा जळलेला गॅस पाण्यात येतो, यातलं काहीतरी दिसायला पाहिजे. मग त्यांनी फेअरिंग उतरवली, खाली वर्तमानपत्र अंथरलं, गाडी सुरू केली आणि फॅन फिरेपर्यंत नुसते स्टुलावर बसून राहिले. रेडिएटरच्या जाळीवर बॅटरी मारून दगडाची खूण शोधली, क्लिपा चाचपल्या. सगळं कोरडं. मग म्हणाले, "रेस दे. पाच-सहा हजार. धर तशीच."

अर्ध्या मिनिटात वर्तमानपत्रावर टप.

पाण्याच्या पंपाखाली एक छोटं भोक होतं, शेंगदाणाही जाणार नाही एवढं. त्यातून थेंब येत होता. मी म्हटलं, "हे भोक पडलंय?" ते हसले. "पडलं नाही रे. ठेवलंय."

मला हे खरंच माहीत नव्हतं, आणि या भागासाठी वाचताना सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट हीच. बघा, पंपाच्या दांड्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं इंजिनाच्या तेलात. दोघांची गाठ पडली तर तेलाचं ताक होतं आणि बेअरिंगं जातात. म्हणून दोन सील असतात. पाण्याच्या बाजूला एक मेकॅनिकल सील: दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या, एक फिरते, एक स्थिर. तेलाच्या बाजूला साधं ऑइल सील. आणि दोन्हींच्या मधे मुद्दाम ठेवलेली रिकामी जागा, जिचं तोंड खाली उघडतं. तेच ते वीप होल. बनवणाऱ्याने गृहीतच धरलंय की हे सील एक दिवस झिजणार. झिजल्यावर पाणी तेलात जाऊ नये, बाहेर यावं, आणि मालकाला कळावं. पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, तेल आलं तर तेलाचं. काही जण हे भोक सीलंटने बुजवून टाकतात. गळती थांबते आणि इंजिन जातं.

गार इंजिनावर टेस्टरला का सापडलं नाही? कारण दांडा फिरत नव्हता. थांबलेल्या चकत्या घट्ट बसतात. झिजलेल्या चकत्या फिरायला लागल्यावरच वाट देतात. आणि माझं बोअरचं पाणी? क्षारांनी भरलेलं. मिस्त्रींनी जुनं सील काढून माझ्या हातावर ठेवलं. चकतीवर गोल चरे होते आणि कडेला पांढरा थर. ते काही बोलले नाहीत, नुसतं सील ठेवलं.

मग त्यांनी बॅटरी पंपाच्या मागे मारली. पंप डावीकडे. भोकापासून मागे, स्विंगआर्मच्या डाव्या आतल्या बाजूने एक हिरवट-पांढरी वाळलेली रेघ गेली होती. त्या रेघेवर पावसाळ्यातला लाल चिखल चिकटला होता, आणि चिखलावर पुन्हा रेघ. रेघ संपत होती ती टायरच्या डाव्या कडेसमोर.

"डाव्या वळणावर पडला होता ना?" मिस्त्रींनी विचारलं. मी त्यांना अपघाताचं सांगितलं होतं, वळण कुठलं ते नव्हतं.

सरळ रस्त्यावर टायरची डावी कड जमिनीला लागतच नाही. गाडी डावीकडे झुकली की लागते. ग्लायकॉल पाण्यासारखं लगेच उडून जात नाही, रस्त्यावर आणि रबरावर बुळबुळीत राहतं. एफआयएमच्या रोड रेसिंगच्या नियमांत म्हणूनच इंजिन थंड करायला फक्त पाणी किंवा पाण्यात इथाइल अल्कोहोल चालतं, ग्लायकॉल चालत नाही; आणि फेअरिंगचा खालचा भाग फुटलेल्या इंजिनाचं तेल-पाणी साठवू शकेल असाच बनवावा लागतो. एकाच्या गाडीतून गळालं तर मागचे दहा जण पडतात, हे ट्रॅकवाल्यांना पक्कं ठाऊक आहे.

तुमच्यातले काही जण म्हणतील, पंप त्या पडण्यानेच कशावरून खराब झाला नसेल? बरोबर प्रश्न आहे. माझ्याकडे कोर्टात टिकेल असा पुरावा नाही. पण टाकी अपघाताच्या दोन महिने आधीपासून रिकामी होत होती. लाल चिखल पावसाळ्यातला होता, गाडी नंतर घाटात गेलीच नाही, आणि चिखलाखालची रेघ त्याच्याही आधीची. मला तेवढं पुरतं.

सील आणि ओ-रिंग मिळून बाराशेच्या आत आले. मजुरी पाचशे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं चांगलं कूलंट भरलं.

त्याच संध्याकाळी मावशीकडे गेलो. जुनं सील रुमालात बांधून नेलं होतं. भाऊ बाहेर होता. मावशीला ती चकती दाखवली, भोकाचं सांगितलं, बोअरच्या पाण्याचंही सांगितलं. तिला मेकॅनिकल सील वगैरे कळलं असेल असं नाही. ती बराच वेळ ते हातात फिरवत होती.

"म्हणजे तो खरं बोलत होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि पाणी तू भरत होतास."

"हो, मावशी."

तिने सील रुमालात परत बांधलं आणि फ्रिजवर ठेवलं. "तो आला की तूच सांग त्याला. मी चहा टाकते."

भाऊ साडेआठला आला. पुढचं आम्हा दोघांत राहू दे. डिस्क ब्रेकचा भाग पंधरा दिवसांनी, या वेळी नक्की.